मिशीआडचा बाप

दादासाहेबांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण सांगून उपयोग नाही. त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघत नाहीत. एकदा आम्ही दोघं रक्त तपासायला दवाखान्यात बसलो होतो. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, पुन्हा झाला, आणि हे आपले समोरच्या भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत शांत बसलेले. शेवटी नर्स बाहेर आली आणि यांना बघून एकदम ओढणी सावरत म्हणाली, "अगं बाई, दादासाहेब व्हय! मग असं सांगायचं की." सुई टोचताना यांनी माझा हात घट्ट धरून डोळे मिटून घेतले. नर्सला वाटलं, दादासाहेब देवाचं नाव घेतायत. तिनं सुईसुद्धा अदबीनं काढली.

मालिकेचं नाव सांगत नाही. तुम्ही पाहिली नसेल तर तुमच्या आईनं पाहिली असेल. पन्हाळा रोडला एका बिल्डरचं फार्महाऊस आहे, त्याला पुढून प्लायवुडचे खांब लावून वाडा केला होता. खांबाला टेकलं की पोकळ वाजायचं, म्हणून टेकायला बंदी. त्या वाड्याचे मालक म्हणजे दादासाहेब. फेटा, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि ओठावर ही एवढी मिशी. ती मिशी रोज सकाळी मी लावत होते. राजारामपुरीत माझं पार्लर होतं. नवऱ्या नटवून नटवून कंटाळले म्हणून मालिकेत मेकअपला गेले, आणि पहिल्याच दिवशी माझ्या आरशापुढं हा माणूस येऊन बसला. बसण्याआधी त्यांनी खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही च्या घेतला का?"

मिशीखाली काय होतं ते मी सांगते. पातळ ओठ, गुळगुळीत हनुवटी, आणि कुणी जरा जोरात बोललं की कावरंबावरं होणारं तोंड. वारणानगरला दुधाच्या संघात नोकरी करून रिटायर झालेले. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकात बाईच्या कामाला बाई मिळायची नाही, तेव्हा हेच नऊवारी नेसून उभे राहायचे आणि म्हणे लोक ओवाळणी टाकायचे. त्यामुळं चाल मऊ. आमचा दिग्दर्शक सांगलीकडचा, वयानं त्यांच्या मुलासारखा. त्यानं सुरुवातीला त्यांना नुसतं चालायलाच शिकवलं. "काका, पाय फाकून टाका. जमीन तुमच्या बापाची हाय असं चाला." हे थोडं अंतर तसे चालायचे, आणि मग मधे कुणाची चप्पल पडलेली दिसली की वाकून बाजूला सरकवायचे.

आवाज मात्र देवानं त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी दिला होता. एरवी ते हळू, तोंडातल्या तोंडात बोलायचे. पण नाटकातलं वाक्य दिलं की आडातून आल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजावरच त्यांना घेतलं होतं.

मिशी लावली की हसायचं नाही, हा नियम माझा. उन्हात गम सुटतो, हसलं की मिशी कडेनं उचलते. चहासुद्धा त्यांना स्ट्रॉनं प्यावा लागायचा. लोक लांबून बघायचे आणि म्हणायचे, काय दरारा आहे, ओठसुद्धा हलत नाही माणसाचा! दरारा कसला, गम होता तो. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण मेकअपवालीला कोण विचारतंय?

आमच्या मालिकेतले गडी, म्हणजे पुरुष, बघून मला आधी हसू यायचं. नंतर नंतर ते यायचं बंद झालं. दादासाहेब स्वतःच्या हातानं पाणी घेत नाहीत. काही उचलत नाहीत; पिशवी नाही, ताट नाही, लेकरू नाही. कुणाची माफी मागत नाहीत. थोरला मुलगा बापापुढं मान खाली घालतो आणि खोलीत जाऊन बायकोवर ओरडतो. धाकटा म्हणजे नायक. तो नायिकेचं मनगट धरून तिला जिन्यावरून ओढत नेतो, मागं संगीत वाजतं, आणि घरोघरच्या बाया म्हणतात, किती जीव आहे बाई त्याचा तिच्यावर! त्या मुलीच्या मनगटावरचे वळ मी रोज झाकत होते. रडायचं ते बायकांनी. पुरुषाच्या डोळ्यात पाणी यायचं ते आई मेली तरच, तेही कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यात. आमच्या कोल्हापुरात बाया 'मी येतो, मी जातो' असं बोलतात, तेवढंसुद्धा मुंबईच्या चॅनेलवाल्या मंडळींनी संवादातून काढून टाकलं. बाई गड्यासारखी बोललेली त्यांना चालत नव्हती. गडी जनावरासारखा वागलेला चालत होता.

आणि असल्या मालिकेतले हे दादासाहेब दोन शॉटच्या मधे काय करायचे, तर पावटे सोलायचे. घरी काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे धरलेले, खाली बसता येत नव्हतं. त्यामुळं घरची सगळी निवडटिपण यांच्याकडं. मंडईतून येताना पिशवी भरून आणायची, आणि आंब्याखाली फेटा-कोट-मिशी घालून, मांडीवर सूप घेऊन बसायचं. हात झरझर चालायचे. बोलणं पावट्यांचंच. "ताई, ह्यो बघा कसा भरलाय. कळीचा पावटा. ह्याच्या आमटीला खोबरं कमी घालायचं." सेटवरच्या पोरी त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या. ज्या मुलीला सकाळी सीनमध्ये त्यांनी घराबाहेर काढलेलं असायचं, ती दुपारी त्यांच्या सुपातले दाणे खात बसलेली असायची.

कुणीतरी कुंपणावरून फोटो काढला आणि तो मोबाईलवरून गावभर फिरला. खाली लोकांनी लिहिलं होतं, दादासाहेबांना बायकोनं कामाला लावलं, दादासाहेबांनी बांगड्या भरल्या. मुंबईहून फोन आला. प्रोडक्शन मॅनेजर येऊन म्हणाला, "काका, इमेज हाय तुमची. पावटं बंद."

"घरात सोललं तर चालंल न्हवं?" यांनी विचारलं. मस्करी नव्हती. त्यांना खरंच परवानगी पाहिजे होती.

त्यानंतर ते मेकअपच्या खोलीत पडद्यामागं बसून सोलायचे, एखादा चोरून पिणारा बसतो तसे. टरफलं माझ्या कचऱ्याच्या डब्यात, वर कापूस टाकून.

थपडेचा सीन आला की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. थप्पड काही खरी नसते. हात गालासमोरून जातो, समोरच्यानं मान झटकायची, आवाज नंतर भरतात. पण यांचा हात गालाजवळ आला की आपोआप मंद व्हायचा. दिग्दर्शक वैतागायचा. "काका, मारायचंय! गाल कुरवाळायचा न्हाय!" कसाबसा शॉट व्हायचा, आणि कट म्हटलं की हे धावत त्या मुलीकडं. "बाळ, लागलं न्हाय न्हवं?" ती म्हणायची, काका, हात लागलाच नाही तर लागेल कसं? तरी तिच्या गालाकडं बघत उभे राहायचे. मग टीव्हीवर तोच सीन तीन बाजूंनी, मंद करून, ढोल लावून दाखवायचे. घरी बसून बघताना ते काकूंना म्हणायचे, "ह्यो कोण माणूस हाय गं?"

लोकांना पक्कं ठाऊक होतं, कोण हाय ते. मंडईत एकदा मी त्यांच्याबरोबर होते. मिशी नव्हती, तरी आवाजावरून एका म्हाताऱ्यानं ओळखलं. चांगला पांढरी टोपी घातलेला, घरंदाज माणूस. यांचे पाय धरले आणि म्हणाला, "दादासाहेब, लई उपकार झालं बघा. आमची सून तोंड वर करून बोलायची. तुमचा त्यो भाग तिला पुढ्यात बसवून दाखिवला. आता सुतासारखी सरळ झालीया."

"काय केलं तुम्ही तिला?" यांनी हळूच विचारलं.

"आम्ही कशाला करतोय? पोरानं केलं की," म्हातारा आनंदानं म्हणाला.

दादासाहेब हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभे राहिले. मी त्यांना ओढत बाहेर आणलं. रंकाळ्यापर्यंत ते मागं वळून वळून बघत होते. मग म्हणाले, "ताई, त्या पोरीचं नाव तरी विचारायला पायजे हुतं." मी म्हटलं, विचारून काय करणार होता? 

त्यांना एकच लेक, स्नेहल. बी.कॉम. झालेली, बापासारखीच मऊ, पण मनानं ताठ. मालिका गाजायला लागली तशी तिला स्थळं यायला लागली. त्यातलं गडहिंग्लजचं ठरलं. खताचं दुकान, दुमजली घर, माणसं मानपानाची. त्यांना सून पाहिजे होती की दादासाहेब पाहिजे होते हे तेव्हा कुणी विचारलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडून निरोप आला: व्याह्यांनी लग्नात दादासाहेबांच्या वेषातच यावं, आमच्या पावण्यांची हौस आहे.

मला वाटलं होतं, निदान याला तरी ते नाही म्हणतील. पण ते मिशीचा डबा काढून माझ्यापुढं येऊन बसले. "लोकांचं मन कशाला मोडायचं," म्हणाले.

मंगल कार्यालयात मी आधी नवरीचा मेकअप केला आणि मग नवरीच्या बापाला मिशी लावली. पाठवणीच्या वेळी सगळी रडत होती. काकू रडल्या, मी रडले, वाजंत्रीवाल्यानंही डोळे पुसले. हे मात्र काठीवर हात ठेवून खांबासारखे उभे. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं असतं तर मिशी सुटली असती, आणि समोर पंचवीसेक मोबाईल रोखलेले. स्नेहलनं गळ्यात पडून विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत न्हाय?" मुलाकडची माणसं कौतुकानं एकमेकांना म्हणत होती, बघा, ह्याला म्हणतात बाप्या माणूस. त्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा बाप नाही. सगळ्या फोटोत दादासाहेब आहेत.

वर्ष गेलं नसेल, आणि एका सकाळी ते मिशी लावून घेता घेता म्हणाले, "ताई, स्नेहलला मारत्यात."

कारण काय, तर जेवण गार होतं. पुढच्या वेळी फोनवर जास्त बोलली. कारणं काय, पावट्यासारखी, सोलावी तेवढी निघतात. पण मारून झाल्यावर जावई दर वेळी एकच वाक्य म्हणायचा. "तुझ्या बापानं असलं खपवून घेतलं असतं काय?" तो मालिकेतल्या बापाबद्दल बोलत होता. आणि खोटं बोलत नव्हता, हेच वाईट.

मी म्हटलं, गाडी बघते, आत्ता जाऊन घेऊन येऊ. पोलिसात जाऊ. काकूही हेच म्हणत होत्या. पण खुद्द स्नेहलच म्हणाली होती, "मी मागच्या दारानं चोरासारखी येणार न्हाय. बाबा, तुम्ही एकदा ह्यांच्या पुढ्यात, चारचौघांत म्हणा, माझी लेक मी नेतोय. एवढं म्हटलं की मी निघालो." मागणं केवढं, तर एक वाक्य. ते बापानं मोठ्यानं म्हणायचं होतं.

ते आधी एकटेच गेले. एस.टी.नं, साध्या शर्टात, मिशी न लावता. परत आले ते तोंड काळवंडून. सासऱ्यानं दारातच विचारलं होतं, "पावणं, आजारी हाय काय? दादासाहेबाला कुठं सोडून आला?" सगळे हसले. मग चहा झाला, उसाच्या बिलांचा विषय निघाला, मालिकेत पुढं काय होणार हे विचारून झालं. यांनी मधे मधे तोंड उघडलं, पण त्यांच्या त्या हळू आवाजाकडं कुणी मान वळवली नाही. शेवटी सासऱ्यानंच त्यांना एस.टी.त बसवून दिलं, खाऊच्या पुड्यासकट.

"तुमचा त्यो आवाज काढायचा की!" मी चिडून म्हटलं.

"मिशीबिगर न्हाय येत ताई," ते म्हणाले. "लई करून बघितलं. न्हाय येत."

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांना घरी जाऊन मिशी लावली. दुप्पट गम लावला. माझ्या भाच्याची गाडी घेतली आणि आम्ही गडहिंग्लजला निघालो. वाटेत ते वाक्य घोकत होते. माझी लेक मी नेतोय. माझी लेक मी नेतोय. आवाज घुमत होता, गाडीच्या काचा हादरतील असा. मला वाटलं, आज होणार. मनातून मी स्नेहलसाठी खोलीसुद्धा ठरवली, पार्लरच्या मागची.

पण गाडीतून फेटा बाहेर आला आणि गल्ली गोळा झाली. दुकानातली गिऱ्हाईकं, शेजारपाजार, शाळेची पोरं. शाल आली, नारळ आला. सासऱ्यानं त्यांना उंच खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसला. स्नेहल चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या कपाळावर केस ओढून घेतलेले होते. त्याखाली काय आहे हे मला लांबूनही कळलं. झाकण्याचं काम माझंच आहे.

दादासाहेबांनी काठी आपटली. सगळं घर गप्प झालं. "मी आज माझ्या लेकीसाठी आलोय," ते म्हणाले. काय आवाज लागला होता! जावयानं मान खाली घातली. मी पदर घट्ट धरला.

तेवढ्यात मागून एक म्हातारा बोलला, "दादासाहेब, त्ये परवाचं म्हणा की! लेक दिली म्हंजी दिली!"

आदल्याच आठवड्यात मालिकेत दादासाहेबांची मुलगी सासर सोडून आली होती आणि दादासाहेबांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. ते वाक्य सगळ्या जिल्ह्याला पाठ होतं. "व्हय व्हय, म्हणा!" गल्ली ओरडली. "आमच्या सूनबाईला बी ऐकू दे," सासरा म्हणाला. मोबाईल वर झाले. कुणीतरी हौसेनं ओरडलं, "अॅक्शन!"

आणि ते म्हणाले. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. छाती पुढं आली, भुवई चढली, आणि त्या भरदार आवाजात, एक शब्द न चुकता, स्वतःच्या पोरीकडं बघून ते म्हणाले, "लेक दिली म्हंजी दिली. आता तिचं सुख त्या उंबऱ्याच्या आत आणि दुःख बी त्या उंबऱ्याच्या आत." टाळ्यांनी घर दणाणलं. जावयानं येऊन पाय धरले. स्नेहलनं ट्रे खाली ठेवला, एकेकाला चहा दिला, शेवटी बापाला दिला. तिनं त्याच्यात स्ट्रॉ आठवणीनं घातला होता.

परत येताना गाडीत त्यांनी मिशी ओढून काढली. स्पिरिट न लावता, तशीच. ओठाची साल निघाली, रक्त आलं. "मला थांबताच आलं न्हाय ताई," ते म्हणत होते. "अॅक्शन म्हटलं की तोंड आपलं आपण चालतं." मी त्यांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्या वेळी मला त्यांच्या ऐकून घेण्याचीच चीड आली.

चूक कुठं झाली हे त्यांना माझ्याआधी कळलं. ती माणसं बापाचं ऐकणार नव्हती, दादासाहेबांचं ऐकणार होती. मग दादासाहेबांनाच बदलायला पाहिजे. ते दिग्दर्शकाच्या मागं लागले. सीन बदला. दादासाहेबांना लेकीच्या सासरी जाऊन तिला घेऊन येऊ दे. त्या पोराला त्यांनी सगळं खरं सांगितलं. पोरगा वाईट नव्हता. डोकं खाजवत म्हणाला, "काका, मुंबईचं सांगता येत न्हाय. पण घेऊ या सीन. पाठवून बघतो."

तो सीन मी कधी विसरणार नाही. मालिकेतल्या सासरच्या अंगणात दादासाहेब आले. काठी बाजूला ठेवली. मुलगी दारात उभी. "बाळ," ते म्हणाले, आणि आवाज दादासाहेबांचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, पण पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. "चूक माझी हुती. माझी लेक मी नेतोय." मग त्यांनी वाकून तिची पिशवी स्वतःच्या हातानं उचलली. दादासाहेबांनी मालिकेत पहिल्यांदा काहीतरी उचललं होतं. मिशी एका बाजूनं सुटली होती, तरी दिग्दर्शकानं कट म्हटलं नाही. लाईटवाले गडी डोळे पुसत होते.

संध्याकाळी त्यांनी स्नेहलला फोन केला. गुरुवारचा भाग बघ म्हणाले. ती म्हणाली, "हितं सगळीच बघत्यात. तुम्ही टीव्हीत तसं म्हटलं की मी त्याच पावली उठतो, बघा. कोण अडवायची हिंमत करणार न्हाय." पिशवी भरून ठेवते म्हणाली.

मी आता ते काम सोडलं आहे, पुन्हा नवऱ्या नटवते. मालिका चालू आहे. दादासाहेब आहेत, त्यांना मिशी आता दुसरी कुणीतरी लावते. दिग्दर्शकाला मी नंतर गाठून त्या गुरुवारच्या भागाबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, ताई, ते वरनंच झालं, मला बी टीव्हीवरच कळलं. असेलही. रस्त्यात कुणी मला त्या मालिकेचं कौतुक सांगायला लागलं की मी सरळ पुढं निघून जाते.

त्या गुरुवारी मी त्यांच्या घरी होते. काकूंनी स्नेहलच्या कॉटवर धुतलेली चादर घातली होती. पावट्याची आमटी केली होती. भाचा गाडी घेऊन खाली थांबला होता. स्नेहल गडहिंग्लजच्या स्टँडवर येणार आणि आम्ही तिला तिथून आणणार, असं ठरलं होतं. दादासाहेब टीव्हीपुढं पाट घेऊन बसले, लहान मूल बसतं तसे.

सीन लागला. अंगण, काठी, दारातली मुलगी. एक शब्दही कापला नव्हता. "माझी लेक मी नेतोय," टीव्हीतून आवाज आला आणि काकूंनी हात जोडले. टीव्हीतल्या दादासाहेबांनी पिशवी उचलली. मी माझी पर्स उचलली, उठले.

आणि पडद्यावर दादासाहेब अंथरुणात दचकून उठले. घामाघूम. शेजारून त्यांच्या मालिकेतल्या बायकोनं विचारलं, "काय झालं? वाईट स्वप्न पडलं काय?" दादासाहेब म्हणाले, "पाणी." तिनं पाणी दिलं.

तो शॉट जुना होता. मागं त्यांना छातीत कळ येते असं दाखवलं होतं, तेव्हाचा. डोळ्यांखालची ती काळी वर्तुळं मी स्वतः रंगवली होती. कुठंतरी मुंबईत बसून कुणीतरी तो उचलला आणि इथं जोडला. मी हे ओरडून सांगत होते, पण सांगत कुणाला होते? दादासाहेब पाटावर होते तसेच होते. टीव्हीत पुढची जाहिरात लागली होती.

फोन वाजला. काकूंनी घाईनं उचलून मोठ्या आवाजावर केला. मागं माणसं हसत होती, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"बाबा," स्नेहल म्हणाली. "मी बाहेरच्या सोप्यापर्यंत आलतो. पिशवी हातात हुती. सगळी गप्प बसलेली, माझ्याकडं कोण बघतबी नव्हतं."

"बाळ, ऐक..."

"सासूबाई तर रडायला लागल्याल्या. आणि मग तुम्ही उठला."

"स्नेहल, ते माझं न्हवं गं, ते..."

"मला घरी आणायचं स्वप्न पडलं, तर त्यात एवढं दचकायचं काय हुतं बाबा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. आतून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवतो," ती म्हणाली. "भाकरी टाकायच्या राहिल्यात."